नराची चौकशी

“वाटी ठेवलीये ना खाली! काट्यावर डायरेक्ट कुठे बसवलीये तिला?”

“ती वाटी श्रीखंडाची आहे.”

“आता वाटीवरून सुरू कर. काट्यावरून झालं, आता वाटी. पाच मिनिटांचं काम आहे, पूजा.”

“गेल्या रविवारीही पाच मिनिटांचंच होतं. नंतर त्याच काट्यावर मी ढोकळ्याचं बेसन मोजलं. तुम्ही दोनदा मागून घेतलात.”

हर्षल काट्याचा आकडा बघायला खाली वाकला. ओट्यावर, मिक्सर आणि पोळ्यांच्या डब्याच्या मधोमध, स्टीलच्या वाटीत एक हिरवा सरडा बसला होता. चारही पायांनी त्याने वाटीची कड घट्ट धरली होती. एक डोळा हर्षलवर होता, दुसरा पूजावर. भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी बघू शकणारं त्या घरात तेवढं एकच होतं.

“त्र्याण्णव!” हर्षलने आकडा वाचला आणि भांडण विसरला. “आई, महिन्यात अठरा ग्रॅम वाढली राणी!”

“पोट साफ होत नसेल,” वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “एरंडेलाचे दोन थेंब दे. आणि आधी उचल तिला तिथून. ओट्यावर सरडा बसवून आमच्याकडे कुणी स्वयंपाक केलेला नाही आजवर.”

“पोट रोज साफ होतंय तिचं,” पूजा म्हणाली. “मीच पुसते, मला माहीत आहे. एरंडेल नको. तिला दिवस गेलेत.”

“कुणाला?” वत्सलाबाई दोन पावलांत आत आल्या. मग पूजाची नजर वाटीकडे आहे हे बघून तिथेच थांबल्या.

हे वाक्य ऐकण्यासाठी इंदिरानगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर वत्सलाबाईंनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. शेवटी ते आलं, आणि आलं ते सरड्यासाठी.

पूजा चांदवडची. वडिलांची कांद्याची शेती, तीन बहिणींत ही मधली. बारावीनंतर नाशिकला येऊन तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि गेली चौदा वर्षं ती एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होती. रक्त घ्यायला तिचा हात हलका. शीर सापडत नाही असे जाडजूड लोक तिचीच वाट बघत बसून राहायचे. सकाळी आठ ते तीन ती दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या तयार करायची. एखादी बाई लघवीची बाटली हातात घेऊन, ओढणी पोटावर सारखी करत खिडकीशी आली, की पट्टीवर दुसरी रेघ उमटायच्या आधीच पूजाला कळायचं. अर्थात ती काही बोलायची नाही. “संध्याकाळी पाचनंतर रिपोर्ट,” एवढंच सांगायची.

तिच्या स्वतःच्या रिपोर्टांची फाइल घरी कपाटात होती. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, नळ्या तपासल्या. “तुमचं सगळं व्यवस्थित आहे, आता मिस्टरांचा रिपोर्ट आणा,” त्या म्हणाल्या. हर्षलने डॉक्टर बदलले. दुसऱ्यांनी तिला मोजून खायला सांगितलं, त्यासाठी तो वजनकाटा आला. मग त्यांनीही मिस्टरांचा रिपोर्ट मागितला. हर्षलने पुन्हा डॉक्टर बदलले. तिसऱ्यांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं. तीन छेद गेले आणि आत काही निघालं नाही. शुद्धीवर आल्यावर पूजाच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते हेच, की मिस्टरांची तपासणी अजून का केली नाही. चौथे डॉक्टर वत्सलाबाईंनी शोधले. ते मिस्टरांबद्दल काही विचारत नव्हते. पुन्हा एकदा दुर्बीण घालून बघू, असं त्यांचं मत होतं. वत्सलाबाईंनी कॅलेंडर पाहून दिवस धरला, बावीस जानेवारी, बुधवार.

पूजाचं म्हणणं एका ओळीचं होतं. माझं पोट पुन्हा उघडायच्या आधी हर्षलने तपासणी करावी. ना सुई, ना भूल, एका बाटलीचं काम. ती स्वतः अशा बाटल्यांवर रोज चिठ्ठ्या चिकटवायची. हर्षलचं म्हणणं जरा मोठं होतं. त्याच्या थोरल्या भावाला दोन मुलगे होते. आजोबांना नऊ मुलं होती. त्याला स्वतःला कसलाही त्रास नव्हता, सर्दीसुद्धा वर्षातून एकदाच व्हायची.

दिंडोरी तालुक्यात मात्र हर्षल तपासणीसाठीच प्रसिद्ध होता. तो द्राक्षबागांच्या औषधांच्या कंपनीत होता. बागेत फळ धरायच्या आधीच घड जिरले की शेतकरी त्याला फोन करायचे, आणि तो ठरलेलं उत्तर द्यायचा, “भाऊ, आधी माती तपासा, पाणी तपासा, देठ तपासायला पाठवा. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी औषध सांगत नसतो.” या वाक्यामुळे तालुक्यात त्याला मान होता. लोक त्याला सर म्हणत.

राणीसुद्धा औषध म्हणूनच घरात आली होती. दुसरे डॉक्टर एकदा बोलून गेले होते, की पूजाने टेन्शन कमी करावं. हर्षलने ते मनावर घेतलं आणि सप्टेंबरात पुण्याच्या एका माणसाकडून रीतसर कागदपत्रांसह परदेशी जातीची ही मादी आणली. त्याने नाव ठेवलं क्वीन, वत्सलाबाईंनी त्याचं राणी केलं. जनावर हर्षलचं होतं, पण ते सांभाळायला पूजा होती. राणीच्या खाण्यासाठी आणलेल्या रातकिड्यांना गाजर घालणं, मग ते किडे चिमट्याने तिच्यापुढे धरणं, पिंजऱ्यातल्या पानांवर दिवसातून तीनदा हातपंपाने पाणी मारणं. हर्षल दिंडोरीत फवारणी शिकवायचा, घरातली फवारणी पूजा करायची. तिचं टेन्शन अशा रीतीने कमी होत होतं.

“तुला कसं कळलं?” हर्षलने आता विचारलं.

“महिनाभर दुप्पट पाणी पिते. दिव्याखाली अंग आडवं करून बसते, आधी बसायची नाही. लठ्ठ झाली असती तर सगळीकडून भरली असती. हातपाय आहेत तसेच आहेत, पोट तेवढं खाली उतरलंय. दोन्ही कुशींना बोट लावा, आत गाठी लागतात. एकसारख्या. हळू, दाबू नका!”

“तू काय सरड्यांची तज्ज्ञ आहेस?”

“सरड्यांची नाही. पोटांची.”

“पण नर कुठाय? चार महिने एकटी आहे ती पिंजऱ्यात.”

“ते मला माहीत नाही. पोट आहे एवढं दिसतंय.”

“आणि सरडे अंडी घालतात. शाळेच्या पुस्तकात आहे.”

हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले सोमनाथराव, म्हणजे हर्षलचे वडील, घरातले नाना, खाकरले. ते तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही बाजूला सही न करता पस्तीस वर्षं काढल्याचा त्यांना अनुभव होता. “दोघांचंही बरोबर आहे,” ते म्हणाले.

मग मोबाइलवर व्हिडिओ बघणं सुरू झालं. सरड्याची मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते, असं प्रत्येक व्हिडिओत दाखवलं होतं. हर्षलने गंगेवरून, म्हणजे नाशिककरांच्या गोदावरीवरून, बादलीभर वाळू आणली, चाळली, ओली केली आणि पिंजऱ्यात ठेवली. राणीने एकदा एका डोळ्याने वाळूकडे पाहिलं आणि ती फांदीवर उलटी फिरून बसली. आठ दिवस झाले तरी ती खाली उतरेना. “अडकलीत,” हर्षलने निदान केलं. त्याचा चेहरा उतरला. त्या रात्री तो जेवला नाही. पूजाच्या दुर्बिणीच्या दिवशी तो व्यवस्थित जेवला होता, असं वत्सलाबाईंनीच नंतर कौतुकाने सांगितलं होतं, माणूस खंबीर आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोघं जनावरांचे डॉक्टर गोरक्ष यांच्याकडे गेले. दवाखान्यात सगळी कुत्री होती. पूजा मांडीवर बुटांचा खोका घेऊन बसली आणि एका लॅब्रॅडोरने तासभर त्या खोक्यावरून नजर काढली नाही.

डॉक्टरांनी राणीला हातात घेतलं, पोटाखालून बोट फिरवलं. “सरडे फार येत नाहीत माझ्याकडे, आधीच सांगतो,” ते म्हणाले. “पण अंडी अडकल्यासारखी वाटतायत. वाळू ठेवूनही घालत नसेल तर पोट उघडावं लागेल.”

“उघडा,” हर्षल म्हणाला.

“एक मिनिट. नर कुठला होता? सोबत कधी होता?”

“नर नाहीच आमच्याकडे.”

“मग जिथून आणलीत तिथे विचारा. नराची काही माहिती नाही, आणि मी मादीचं पोट फाडायला बसू? असं नाही करत कुणी. आधी नराचं बघा.”

“अगदी बरोबर, डॉक्टर,” हर्षल म्हणाला. दिंडोरीतला आवाज त्याच्या गळ्यात आपोआप आला. “आधी तपासणी, मग ट्रीटमेंट. मी पण सगळ्यांना हेच सांगतो.”

त्याने तिथेच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. नर होता का? होता. किती वर्षांचा? तब्येत कशी होती? आधी कुठल्या मादीपासून पिल्लं झालीत का? किती झाली, किती जगली? काही आजार, काही इन्फेक्शन? नीट आठवून सांगा, हा जिवाचा प्रश्न आहे. काही रिपोर्ट असेल तर लगेच पाठवा.

पूजा रिकामा खोका मांडीवर धरून ऐकत होती. इतके नेमके प्रश्न हर्षलला येतात हे तिला माहीत नव्हतं. एकही सुटला नव्हता. चारही डॉक्टरांचे कागद एकत्र केले असते तरी त्यांत याहून जास्त काही निघालं नसतं.

पुण्याच्या माणसाने सगळं सांगितलं. नर गणपतीच्या आधी या मादीसोबत होता. तीन शिंगांचा, एकदम तगडा. या जातीची मादी नराचं बीज बरेच महिने पोटात साठवूनही ठेवू शकते. “आणि साहेब, अंडी कसली बघताय? ही जात अंडी घालत नाही. थेट पिल्लं देते. वाळू काढून टाका आणि तिला एकटं सोडा. नरासोबत होती तेव्हापासून पाच-सहा महिने धरा.”

डॉक्टर गोरक्ष स्वतःवरच हसले. “मीही अंडीच धरून बसलो होतो. मॅडम, तुमचं काय मत होतं?”

“दिवस गेलेत एवढंच म्हणत होते.”

परतताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला हर्षल म्हणाला, “बरं झालं चौकशी केली. नाहीतर उगाच बिचारीचं पोट फाडलं असतं.”

“हो,” पूजा म्हणाली. “उगाच.”

सिग्नल सुटला होता. हर्षलने गाडी काढली.

घरी बातमी कळल्यावर वत्सलाबाईंना मत बदलायला दहा मिनिटं लागली. मग त्यांनी पिंजरा बाल्कनीतून हॉलमध्ये आणवला, टीव्हीशेजारी. मिक्सर दुपारीच फिरवायचा, दार आपटायचं नाही, राणीसमोर भांडायचं नाही असे नियम झाले. या शेवटच्या नियमामुळे घरात बराच वेळ शांतता राहू लागली.

“बघ,” त्या पूजाला म्हणाल्या. “जवळ नर नाही, कुणी विचारणारं नाही, तरी त्या मुक्या जिवाने करून दाखवलं.”

“नर होता, वत्सला,” सोमनाथराव पेपरामागून म्हणाले. “पुण्याला होता.”

“तुम्ही वाचा हो.”

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दिंडोरीजवळच्या गावाहून वत्सलाबाईंची बहीण चिमणाबाई आली. सोबत खण-नारळ. तिने पदर सावरून पिंजऱ्यात डोकावलं. “लय तेज आलंय गं तोंडावर,” ती म्हणाली. “हिरवीगार दिसती. ओटी भरू का?”

“सरड्याची?” हर्षललाही जरा नवल वाटलं.

“काय झालं मग? आई ती आईच. माणसाची काय नि सरड्याची काय.”

शेजारच्या दोघी लेकुरवाळ्या बोलावल्या गेल्या. पूजा कुंकवाची कुयरी घेऊन बाहेर आली तेव्हा वत्सलाबाईंनी ती तिच्या हातातून घेतली. आवाज मात्र मऊ ठेवला. “तू चहाचं बघ. आणि तिचं होईपर्यंत चार दिवस तू तिला हात नको लावूस, हं. तसं काही नाही गं, मी मानत नाही. पण असतं एकेक.”

पूजाने हर्षलकडे पाहिलं.

“चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” हर्षल म्हणाला. “आईचं मन राहील. मी करतो तिचं सगळं.”

हर्षलने सगळं केलं. त्याने राणीचे सोळा फोटो काढले, तीन व्हिडिओ केले आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकले. पानांवर पाणी मारायचं मात्र राहून गेलं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, लॅबला निघताना पूजाने पिंजऱ्याकडे पाहिलं. राणीचे डोळे आत गेले होते. पर्स खाली ठेवून तिने पंप भरला आणि कुणालाही न विचारता पानांवर पाणी मारायला सुरुवात केली. राणी मान पुढे काढून एकेक थेंब चाटत राहिली, वीस मिनिटं. वत्सलाबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि त्या पुन्हा देवघरात वळल्या. पाणी तर कुणीतरी मारायलाच हवं होतं.

त्या दिवशी पूजाला लॅबला पोचायला पाऊण तास उशीर झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून दोन फोन केले आणि मग उरलेल्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या.

“राणीने खाणं सोडलंय,” संध्याकाळी तिने घरात सांगितलं. “सारखी वर-खाली करतेय. दोन-तीन दिवसांत होईल.”

हर्षलने ताबडतोब साहेबांना फोन करून सोमवार-मंगळवारची रजा टाकली. बुधवारी मात्र त्याला सुट्टी नव्हती, कारण बुधवारी दिंडोरीत द्राक्ष बागायतदारांचा मेळावा होता. “नाना येतील तुझ्यासोबत हॉस्पिटलला,” तो पूजाला म्हणाला. “सही काय, कुणाचीही चालते.”

रविवारी सकाळी आठच्या सुमारास राणी वरच्या फांदीवर आली, मागचे पाय फाकवले आणि पहिलं पिल्लू खालच्या पानावर पडलं. आधी ते पिल्लू वाटलंच नाही. ओल्या चिकट पिशवीतला चिंचोक्याएवढा गोळा. मग पिशवी ताणली, फाटली, आणि आतून एक तपकिरी सरडा बाहेर आला, पुरता तयार, डोळे फिरवत. दोन मिनिटांत तो फांदी चढू लागला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा.

सगळं घर पिंजऱ्याभोवती उभं होतं. हर्षल व्हिडिओ काढत मोठ्याने मोजत होता. वत्सलाबाईंनी निरांजन लावलं होतं आणि ओवाळायचं कुणाला ते न कळून तशाच हातात धरून उभ्या होत्या. सोमनाथरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पेपर पूर्ण घडी घालून ठेवला होता. पूजा पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला होती. एक पिल्लू पिशवीतून सुटत नव्हतं. तिने बोट ओलं करून हलकेच पिशवी फाडली. पिल्लाने तिच्या नखावर पाय ठेवला आणि तिथून फांदी गाठली. तिला कुणी अडवलं नाही.

“एकवीस!” हर्षल ओरडला. “दोन हलत नाहीत, बाकी एकोणीस फिट!”

“देवाने दिलं हो,” वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. खरंच पुसले. मग पूजाकडे वळल्या. “आता बुधवारी तुझंही नीट पार पडू दे. बॅग भरलीस का? रात्री दहानंतर पाणीसुद्धा प्यायचं नसतं, विचारून ठेव.”

“अरे हो, बुधवार!” हर्षलने मोबाइल खाली घेतला. “पूजा, मी काय म्हणतो. पिल्लांना दर दोन तासांनी पाणी मारायला लागेल. तो पुण्याचा म्हणाला, पहिले पंधरा दिवस नाजूक असतात. तू नेमकी तेव्हाच अ‍ॅडमिट. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का? विचारून बघ ना.”

“ढकलायची गरज नाही,” पूजा म्हणाली. तिने ओला हात रुमालाला पुसला. “ऑपरेशन रद्द केलंय. परवाच फोन करून सांगितलं त्यांना.”

“रद्द?” वत्सलाबाईंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. “कुणाला विचारून?”

“पोट माझं आहे, आई. कुणाला विचारलं नाही.”

“अगं, पण दिवस धरला होता—”

“दिवस तोच ठेवलाय.” पूजा हर्षलकडे वळली. तिचा आवाज लॅबच्या खिडकीत असतो तसा होता, ना वर ना खाली. “बुधवारी सकाळी साडेआठची वेळ घेतलीये, तुमच्या नावाने. माझ्या लॅबमध्ये तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून गंगापूर रोडची घेतलीये. तिथे मला कुणी ओळखत नाही. बाटली तेच देतात. तीन दिवसांचं पथ्य असतं, ते आजपासून धरा. मेळाव्याला तुम्ही दहापर्यंत पोचाल.”

सोमनाथरावांनी पेपर पुन्हा उघडला.

“पूजा, सगळ्यांसमोर काय हे—” हर्षल म्हणाला.

“सगळ्यांसमोरच सांगतेय, म्हणजे परत सांगावं लागणार नाही. तुमचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी कुठल्याही डॉक्टरकडे जाणार नाही, गोळी घेणार नाही, उपास करणार नाही. आणि बुधवारी तुम्ही गेला नाहीत, तर मूल का होत नाही हा प्रश्न या घरात मला पुन्हा कुणी विचारायचा नाही.”